‘मी पण सांगलीचाच’ म्हणत बार्सिलोनातल्या घरापायी ८८,२०० रुपये लुबाडले

युरोपात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी “सुट्टीत माझा फ्लॅट रिकामा आहे, रुपयांत दिले तरी चालेल” असं लिहीत असेल, तर त्याला एक रुपयाही पाठवू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी वाचा. माझ्या बाबांच्या खात्यातून असेच ८८,२०० रुपये गेले आणि आजतागायत एक पैसा परत आलेला नाही.

मी सांगलीची. जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करते. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेलं त्यांनी “स्पेनला फिरायला पैसे आहेत की यांच्याकडं” असाच सूर लावला. पैसे नाहीत. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि ते भाडं, विमा, किराणा यांतच संपतात. फिरायचे पैसे मी कँटीनमध्ये ताटं उचलून जमवले होते, तासाला १२.८२ युरोनं. बाहेर शिकणाऱ्या पोरीनं चार दिवस समुद्र बघायला जाणं हा गुन्हा नाही.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी, नवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, आम्ही चौघांनी बार्सिलोनाला जायचं ठरवलं. मी, कराडची एक मैत्रीण आणि नाशिकचे दोघे. नेमका त्याच आठवड्यात तिथं ला मेर्सेचा उत्सव असतो, २४ सप्टेंबर हा मुख्य दिवस. माणसांच्या खांद्यावर माणसं चढवून मनोरे रचतात, रात्री रस्त्यावर आगीचे खेळ चालतात. सगळं शहर भरलेलं. हॉस्टेलमधला एक पलंग रात्रीला ६२ युरो दाखवत होता. अशा वेळी कुणी पाच रात्रींसाठी बार्सेलोनेताला, म्हणजे अगदी किनाऱ्यावरच्या वस्तीत, दोन खोल्यांचा फ्लॅट ७०० युरोला देतो म्हटल्यावर कुणीही थांबलं असतं.

आणि तो ‘कुणी’ नव्हताच. ग्रुपवर मी सांगलीची म्हटल्याबरोबर त्याचा मेसेज आला, “विश्रामबागला घर आहे आमचं. आयर्विनला पाणी किती फुटावर आलंय गं? आई घाबरलीय.” आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. ऑगस्टचा महिना, कृष्णा चढलेली. सांगलीबाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण आमच्याकडं पावसाळ्यात हा प्रश्न विचारणारा माणूस घरचाच असतो. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आम्हाला पाठ असतं. २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं. तो फोनवर आमच्यासारखंच बोलायचा, “चालतंय की”, “काय काळजी करू नगंस”. आयर्विनची पातळी रोज प्रत्येक बातमीत असते, ती कुणालाही बघता येते, हे आता मला सगळे शिकवतात. तेव्हा कुणी शिकवलं नाही.

पैशाची रीत त्यानं अशी सांगितली. त्याला घरी रुपये पाठवायचे होते, आम्हाला त्याला युरो द्यायचे होते. तर बाबांनी सांगलीतून त्याच्या दादाच्या खात्यावर रुपये टाकायचे, म्हणजे दोन्हीकडचा बँकेचा खर्च वाचतो. बाजारात युरो १०३ रुपयांच्या वर होता, त्यानं ९८ लावला. तिकडं शिकणाऱ्यांना हा व्यवहार नवा नाही. फी भरायच्या वेळी निम्मा ग्रुप हेच करत असतो. आधी ३४,३०० गेले, मग उरलेले ३४,३००. निघायच्या आदल्या दिवशी “घरमालकीण डिपॉझिट मागतीय, जाताना परत” म्हणून आणखी २०० युरोचे १९,६००. आम्ही चौघांनी वाटणी करून प्रत्येकी २२५ युरो काढले, ते माझ्याकडं जमा झाले, आणि रुपये सगळे बाबांनी भरले.

आता त्या क्षणाचं सांगते. पहिले पैसे टाकताना बाबांचा फोन आला. “अगं, तू म्हणतीस दादाचं खातं. इथं यूपीआयवर कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव येतंय.” तीस वर्षं दुसऱ्याचा पैसा मोजलेला माणूस, नाव जुळत नाही म्हटल्यावर त्याचं बोट थांबलं. यार्डात सौद्याला हळकुंड मोडून बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही, आणि बाबांनी ते मोडून माझ्यासमोर धरलं होतं. मी त्याला विचारलं. “दादाची फर्म आहे, करंट अकाउंट,” असं उत्तर एका मिनिटात आलं. मी तेच बाबांना सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी पिन टाकला. ही गोष्ट रोज रात्री डोक्यात फिरते. पण विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आणि उत्तर पटण्यासारखं होतं. आमच्या गल्लीतले निम्मे दुकानदार फर्मच्याच खात्यावर पैसे घेतात. तरी आता सांगते: यूपीआयवर पैसे भरायच्या आधी जे नाव दिसतं, ते सांगितलेल्या माणसाचं नसेल तर तिथंच थांबा. एनईएफटीनं पाठवत असाल तर एप्रिल २०२५ पासून बँकांनी तिथंही खातेदाराचं नाव दाखवायचं आहे. ते बघा. ‘फर्म’, ‘मेहुणा’, ‘मित्राचं खातं’ हे शब्द आले की समजून जा.

दुसरी खूण तर फोटोतच होती. त्यानं बाल्कनीतून काढलेला सूर्यास्ताचा फोटो पाठवला होता. लोखंडी कठडा, पुढं वाळू, आणि समुद्रात अर्धा बुडालेला सूर्य. आम्ही चौघांनी तो फोटो आपापल्या घरी पाठवला. गणपतीपुळे, मालवण, जिथं जिथं लहानपणी गेलो तिथं सूर्य समुद्रातच बुडाला. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काय दिसणार? पण बार्सिलोनाचा समुद्र पूर्व-आग्नेयेला आहे. तिथं सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो शहरामागं, कोल्सेरोलाच्या डोंगरांकडं. हे मला कधी कळलं? पैसे गेल्यावर. बॅगा वाळूत टाकून बसलो होतो आणि ऊन पाठीमागून जात होतं. कराडची मैत्रीण एकदम म्हणाली, “सूर्य मागं कसा काय?” फोटो कुठला होता देव जाणे, बार्सिलोनाचा नव्हता. नकाशा उघडून समुद्र कुठल्या दिशेला आहे एवढं बघितलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं.

आणि बार्सेलोनेतातली जुनी घरं! अठराव्या शतकात कोळी-खलाशांसाठी बांधलेली वस्ती, पुढं एकेका मजल्याचे चार तुकडे झाले. एकेक घर तीस-पस्तीस चौरस मीटरचं. त्यानं दाखवलेला ऐसपैस हॉल त्या गल्लीत मावलाच नसता.

मेट्रोच्या पिवळ्या लाइननं बार्सेलोनेता स्टेशनला उतरलो. पत्ता खरा होता, इमारत खरी होती. “किल्ली दारापाशी पेटीत आहे, पोचलात की कोड पाठवतो,” असं तो म्हणाला होता. मेसेजला एक टिक. फोन बंद. मग त्याचा फोटोही दिसेनासा झाला. दारापाशी कसलीच पेटी नव्हती. आम्ही बेल वाजवली तर एक आजी खाली आल्या, आमच्या बॅगा बघितल्या आणि संतापून ओरडायला लागल्या. समोरच्या बाल्कनीत पर्यटकांच्या फ्लॅटविरुद्धचा फलक लटकत होता. तिथल्या रहिवाशांनी २०१४ पासून या फ्लॅटांविरुद्ध मोर्चे काढलेत, त्यांची भाडी त्यापायी वाढलीत. त्यांचा राग मला समजतो. पण भर रस्त्यात आम्ही चोर असल्यासारखे उभे होतो आणि चोर मात्र घरात बसून आमचे पैसे मोजत होता.

हेही लक्षात ठेवा: बार्सिलोनात पर्यटकांना घर द्यायला परवाना लागतो, त्याचा क्रमांक एचयूटीबी या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो खरा आहे का ते महापालिकेच्या संकेतस्थळावर तपासता येतं. असे दहा हजारांहून जास्त परवाने २०२८ अखेरपर्यंत संपवायचं तिथल्या महापौरांनी जून २०२४ मध्येच जाहीर केलंय. त्यामुळं कुणी विद्यार्थी आपली भाड्याची खोली रात्रीच्या हिशोबानं देतो म्हणाला, तर तो खोटा तरी असतो नाहीतर बेकायदा तरी.

त्या रात्री चार पलंगांचे २४८ युरो मोजले. उत्सव काय बघितला ते मला आठवत नाही.

तिथल्या पोलिसांकडं गेलो. बराच वेळ बसवून ठेवलं, मग सांगितलं, पैसे भारतातल्या खात्यातून भारतातल्या खात्यात गेले, तक्रार भारतात करा. हट्टानं स्पॅनिशमधला एक कागद मिळवला. घरी फोन केला तेव्हा घट बसलेले होते, आईनं काही न बोलता फोन बाबांना दिला. बाबांनी त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, नोंद झाली, क्रमांक मिळाला. साखळीतल्या तिसऱ्या खात्यात ११,२०० रुपये अडकवले गेले. बाकीचे तोवर पुढं सरकले होते. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर घरच्यांना आधी १९३० ला फोन करायला लावा, रडणं-भांडणं नंतर. आम्ही वाळूत बसून “कदाचित नेटवर्क नसेल त्याला” म्हणण्यात जी दुपार घालवली, त्या दुपारीच पैसे सरकले असणार.

आणि मग सांगलीतलं पोलीस ठाणं. बाबा गेले की साहेब बंदोबस्ताला. साहेब असले की “मुलगी कुठाय? तिलाच घेऊन या.” मुलगी जर्मनीत आहे म्हटल्यावर “मग गुन्हा तिकडचा.” तिकडचे म्हणतात इकडचा. एक कागद घेतला तो साधा अर्ज म्हणून, एफआयआर नाही. डिसेंबरात मी नाताळच्या सुट्टीला घरी आले आणि बाबांबरोबर स्वतः गेले. तपास ज्यांच्याकडं होता ते बदलून गेलेले, नव्यांना फाइल सापडेना. तिथला स्पॅनिश कागद दाखवला तर “ह्याचं भाषांतर आणा.” ४,५०० रुपये देऊन पुण्याहून करून आणलं. मग एकानं हळू आवाजात बाबांना सांगितलं, “असे बाहेरच्या बाहेर रुपये-युरो फिरवणं परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. गुन्हा नोंदवला तर तुमच्याच अंगावर येईल, बघा.” बाबा तिथंच गप्प झाले. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस. लुबाडणाऱ्याच्या गावाचा पत्ता नाही, आणि धाक कुणाला, तर ज्याचे पैसे गेले त्याला!

हो, १९९९ चा फेमा कायदा आहे, अधिकृत विक्रेत्याशिवाय परकीय चलनाची अशी देवघेव करता येत नाही, हे मी नंतर वाचलं. तुम्हीही वाचा आणि हे व्यवहार बंद करा, कारण फसवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं: तुम्ही तक्रार करायला घाबरावं. पण ते कारण दाखवून फसवणुकीचा गुन्हा नोंदवायचा टाळणं हा कुठला न्याय? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यायची. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, तीन दिवसांत सही करायची. प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. मी हे छापून नेलं तेव्हा कुठं आवाज खाली आला आणि गुन्हा नोंदला गेला. म्हणजे कायदा पोलिसांना मी वाचून दाखवायचा?

बँकेचं तर विचारूच नका. शाखेत गेलो, “मुख्य कार्यालयाला मेल करा.” मेल केला, उत्तर आलं, “पिन ग्राहकानं स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक जबाबदार नाही.” आणि ते अडकवलेले ११,२००? ते आमचेच आहेत हे सगळ्यांना मान्य आहे. तरी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. वकील ५,००० सांगतात. बाबांनी त्यासाठी यार्डातून अर्ध्या दिवसाच्या रजा काढायच्या.

नाशिकच्या दोघांनी आपले पैसे परत मागितले. “व्यवहार तुझ्या ओळखीचा होता.” ओळख माझी कुठली? त्या ग्रुपवर तेही होतेच. भांडायची ताकद नव्हती, ४५० युरो देऊन टाकले. पस्तीस तासांची ताटं. कराडच्या मैत्रिणीनं मागितले नाहीत, तिला मी हप्त्यानं देतेय. नातेवाइकांना आई अजून काही सांगू देत नाही. मावशीला कुठूनतरी कळलंच, तिनं जेवताना विषय काढला आणि बाबा पानावरून उठले.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात कराडच्या मैत्रिणीला दुसऱ्या एका ग्रुपवर तोच सूर्यास्ताचा फोटो दिसला. तोच कठडा. नंबर नवा, नाव नवं, आणि आता तो साताऱ्याचा आहे, शाहूपुरीचा. शहर वलेन्सिया, मार्चमध्ये १५ ते १९ तारखेला तिथं फालासचा उत्सव असतो त्यासाठी. वलेन्सियाचाही समुद्र पूर्वेलाच आहे. तिनं ग्रुपवर लिहिलं तर दहा मिनिटांत तिलाच ग्रुपमधून काढलं. चार मुलींनी ॲडव्हान्स भरल्याचं ती बाहेर पडायच्या आधी वाचून आली, आकडा ३१,५०० होता. त्या मुलींपर्यंत पोचायची आमच्याकडं काही सोय नाही. तुमच्या ओळखीत कुणी मार्चला वलेन्सियाला जात असेल तर आत्ता फोन करा, आणि पैसे भरले असतील तर तिच्या घरच्यांना आजच १९३० ला फोन लावायला सांगा.