ओपनफोम आणि पॅराव्ह्यू: पंपाचा इम्पेलर फिरवायला कितपत कामाचे?

ओपनफोम हे प्रवाहाचे गणित संगणकावर सोडवणारे सॉफ्टवेअर, आणि पॅराव्ह्यू त्याचे उत्तर चित्रांत दाखवणारे. पंपाच्या इम्पेलरचे, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चाकाचे, फक्त हेड (पाणी किती मीटर उचलले जाते) आणि टॉर्क (फिरवायला लागणारा पीळ) हवा असेल तर ओपनफोम बेलाशक घ्या. पाती फिरताना दाखवणारा व्हिडिओही हवा असेल, तर आधी डिस्कवर जागा करा आणि थोडी सबुरी ठेवा. परवान्याला पैसा लागत नाही, त्यामुळे छोट्या पंप कारखान्यालाही ते परवडते. मात्र वाचलेले पैसे शिकण्याच्या तासांत फेडावे लागतात.

पहिली ठेच आवृत्तीची. ओपनफोमच्या दोन शाखा आहेत. ईएसआय कंपनीच्या शाखेची आवृत्ती दर जून आणि डिसेंबरमध्ये निघते, तर ओपनफोम फाउंडेशनच्या आवृत्त्यांना १०, ११, १२ असे साधे क्रमांक असतात. फाउंडेशनने ११ पासून सॉल्व्हरची, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची, मांडणीच बदलली. जुन्या पाठांतली सिम्पलफोम या स्थिर प्रवाहाच्या सॉल्व्हरची आज्ञा तिथे जशीच्या तशी चालेल असे धरू नका, आणि एका शाखेची केस (एका गणिताच्या फाइलींचा फोल्डर) दुसरीत टाकली की चुकांची रांग लागते. इम्पेलरच्या कामाला ईएसआय शाखा सोयीची, कारण तिच्या ट्युटोरियलमध्ये पिम्पलफोम या काळानुसार बदलत्या प्रवाहाच्या सॉल्व्हरखाली प्रोपेलरची तयार केस आहे. कोऱ्या फोल्डरपासून सुरुवात करण्यापेक्षा तीच कॉपी करून आपली भूमिती घाला. अगदी नवख्यांनी आधी आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे स्पोकन ट्युटोरियल पाहावेत.

पुढचे सगळे आकडे एका नेहमीच्या पंपाचे आहेत: २०० मिमी व्यासाचा, सहा पात्यांचा इम्पेलर, १४५० आरपीएम.

पहिली पद्धत एमआरएफ, म्हणजे फिरत्या संदर्भचौकटीची. तीत मेश (भूमितीचे छोट्या सेलमध्ये पाडलेले जाळे) हलत नाही. इम्पेलरभोवतीच्या सेलझोनमध्ये (सेलच्या निवडलेल्या गटात) फिरण्याचे परिणाम समीकरणात घातले जातात, बस. तिची फाइल जेमतेम दहा ओळींची, पण चुका नेमक्या तिथेच होतात. ओमेगा, म्हणजे फिरण्याचा वेग, रेडियन प्रति सेकंदात द्यायचा, म्हणजे १४५० नव्हे, १५१.८४. चिन्ह उजव्या हाताच्या नियमाने. ते उलटे पडले तरी रन बिनतक्रार पूर्ण होतो, फक्त हेड विचित्र कमी येते. झोनला लागून असलेली केसिंगची स्थिर भिंत 'नॉन-रोटेटिंग पॅचेस'मध्ये लिहिली नाही, तर सॉल्व्हर तिलाही फिरती धरतो आणि टॉर्कचा हिशेब बिघडतो. झोनची बाहेरची सीमा अक्षाभोवती पूर्ण गोल हवी. व्होल्यूटच्या (शंखासारख्या केसिंगच्या) आकारात वाकवलेला झोन चालत नाही.

दाबाच्या एककाने तर भलेभले फसतात. सिम्पलफोम आणि पिम्पलफोम दाब घनतेने भागून देतात. पंपाच्या दोन टोकांत ११८ चा फरक दिसला तर ते पास्कल नव्हेत. त्याला ९.८१ ने भागा, १२ मीटर हेड मिळते. त्यातही स्थिर दाब नव्हे, एकूण दाब घ्यायचा, आणि सरासरी प्रवाहाच्या वजनाने काढायची. टॉर्क काढणाऱ्या फोर्सेस फंक्शनमध्ये मात्र पाण्याची ९९८ ही घनता हाताने लिहावी लागते. ती १ राहिली की शक्ती हजारपट कमी दिसते आणि कार्यक्षमता शंभराच्या कितीतरी वर जाते. निदान ही चूक लपून राहत नाही, एवढे तिचे उपकार.

मेशिंग हा या संचाचा लंगडा पाय. स्नॅपीहेक्समेश हे ओपनफोमचे मेश बनवणारे साधन फुकट आहे, पण पात्याच्या पातळ मागच्या कडेवर ते अडखळते. कडांची फाइल आधी काढून दिली नाही तर धार गोलसर होते, आणि भिंतीलगतचे थर नेमके तिथेच गळतात. लॉगच्या शेवटी थरांचा तक्ता येतो, तो न वाचता पुढे जाऊ नये. भूमितीची एसटीएल फाइल मिलिमीटरमध्ये असेल तर ०.००१ ने गुणायला विसरू नका, नाहीतर २०० मीटरचा इम्पेलर फिरू लागतो. वॉल फंक्शनसह (भिंतीलगतच्या प्रवाहाच्या ठोकताळ्यासह) के-ओमेगा-एसएसटी हे खळबळत्या प्रवाहाचे मॉडेल वापरताना वाय-प्लस, म्हणजे भिंतीपासून पहिल्या सेलचे एककरहित अंतर, ३० च्या वर ठेवावा.

आता ॲनिमेशन. एमआरएफच्या उत्तरात पाती एकाच जागी गोठलेली असतात. पॅराव्ह्यूच्या ट्रान्सफॉर्म फिल्टरने ती गरागरा फिरवता येतात, दिसतेही छान, पण ते सोंग आहे. पाते टंगसमोरून (केसिंगच्या आतल्या टोकदार कडेसमोरून) जाताना दाबाचा जो ठोका बसतो, तो त्या उत्तरात नसतोच. असा व्हिडिओ ग्राहकाला दाखवायचाच असेल तर खाली 'स्थिर उत्तर' असे लिहावे.

खरी हालचाल हवी तर मेश फिरवणारी एएमआय पद्धत लागते. ती फिरत्या आणि स्थिर मेशच्या सीमेवर दोन्हीकडची मूल्ये जुळवते. १४५० आरपीएमला एक फेरा ०.०४१३८ सेकंदांचा, म्हणजे एका अंशाला ०.०००११५ सेकंद. तेवढ्यात पात्याचे टोक १.७५ मिमी सरकते. तिथला सेल अर्ध्या मिमीचा असेल तर कूरांट (काळाच्या एका पायरीत किती सेल ओलांडले जातात तो आकडा) साडेतीनवर जातो. पिम्पलफोम हे सोसतो, पण प्रत्येक पायरीला समीकरणांची बाहेरची दोन-तीन आवर्तने द्यावी लागतात. अंशाला एक पायरी धरली तर इम्पेलरच्या दहा फेऱ्यांना ३६०० पायऱ्या होतात, त्यामुळे एमआरएफच्या तुलनेत वेळ निदान पाच-सहापट धरून चाला. सुरुवात एमआरएफच्या उत्तरापासून करावी. शून्यापासूनच निघायचे असेल तर ओमेगा तक्त्याने हळूहळू चढवावा, नाहीतर पहिल्या काही पायऱ्यांत दाब उसळतो.

दर पायरीला लॉगमध्ये एएमआयची वजने छापली जातात. किमान आकडा १ च्या जवळ हवा. तो घसरला तर दोन्ही बाजूंच्या पृष्ठांत फट आहे किंवा सेलचे आकार फार विजोड आहेत. ही सीमा पात्याचे टोक आणि टंग यांच्या मधोमध ठेवा, आणि फिरत्या भिंतींवर त्यांचा वेग देणारी अट लावायला विसरू नका.

फ्रेमचे गणित बहुतेक जण उशिरा करतात. सहा पाती म्हणजे ६० अंशांचे अंतर. दर ६० अंशांनी साठवण केली तर इम्पेलर थांबलेला दिसतो, दर ५० अंशांनी केली तर उलटा फिरतो. तीन अंश ठेवले की फेऱ्याला १२० फ्रेम, २४ च्या गतीने पाच सेकंदांचा संथ व्हिडिओ. अडचण डिस्कची. २० लाख सेलच्या केसमध्ये पूर्ण क्षेत्रे (दाब, वेग वगैरे) बायनरीत लिहिली तरी एका फेऱ्याला तीस-चाळीस जीबी लागू शकतात. त्याऐवजी सरफेसेस फंक्शनने फक्त पाती आणि एक काप पॅराव्ह्यूच्या व्हीटीके स्वरूपात लिहून घ्या, काम काही जीबींत भागते.

फ्रेम कमी पडल्या म्हणून पॅराव्ह्यूचा टेम्पोरल इंटरपोलेटर लावायचा मोह होतो. तो बिंदूंना कमानीऐवजी सरळ रेषेत नेतो, त्यामुळे ३० अंशांच्या अंतरात इम्पेलर मध्येच साडेतीन टक्के आक्रसतो आणि परत फुगतो. श्वास घेणारा पंप! रंगपट्टीची मर्यादाही हाताने बांधून ठेवावी, नाहीतर पुढच्या फ्रेममध्ये तोच रंग वेगळा दाब सांगू लागतो.

प्रवाहरेषा पात्यांतून आरपार गेल्यासारख्या दिसल्या तर दचकू नका, ओपनफोम वेग निरपेक्ष, म्हणजे पात्यांच्या नव्हे तर स्थिर केसिंगच्या तुलनेत, देतो. अक्ष झेड असेल तर पॅराव्ह्यूच्या कॅल्क्युलेटरमध्ये एक्स घटकात ओमेगा गुणिले वाय मिळवा आणि वाय घटकातून ओमेगा गुणिले एक्स वजा करा. रेषा पात्यांना धरून वाहतात. तरीही आरपार गेल्या, तर ओमेगाचे चिन्ह पुन्हा तपासा.