व्याख्यानमालेच्या जाहिरातीसाठी व्हॉट्सअॅप : साडेतीन तारे

आमच्या सांगलीतल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची जाहिरात माझ्याकडे असते. फलक परवडत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त व्हॉट्सअॅपवर. फुकट आहे, सगळ्यांकडे आहे. पण आपल्या गोतावळ्यात कोण कसा वागतो हे ओळखल्याशिवाय त्याचा पुरेपूर उपयोग होत नाही.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. शिवाय प्रत्येकाचं उत्तर फक्त आपल्यालाच दिसतं. एकाचा उत्साह दुसऱ्याला कळत नाही.

खरी गंमत ग्रुपमध्ये. माझे सगळ्यात लाडके सभासद म्हणजे ‘किती वाजता आहे हो?’ विचारणारे काका. वेळ पत्रिकेवर ठसठशीत छापलेली असते. पण त्यांनी विचारलं की शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं गेलेलं निमंत्रण पुन्हा वर येतं. दोघंतिघं उत्तर द्यायला सरसावतात, कुणाला वक्त्याचं जुनं भाषण आठवतं. मी मुद्दाम उत्तर द्यायची घाई करत नाही!

न वाचता पुढे ढकलणाऱ्यांकडून फार आशा नको. त्यांना कंपनीनेच लगाम घातलाय : भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅट, आणि दोन बाण चिकटलेला, बऱ्याच हातांतून आलेला मजकूर असेल तर २०२० पासून एकच. आमची थोडी अडचण होते, पण त्याच २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सअॅपवर पसरलेल्या अफवांमुळे मुलं पळवणारे समजून, जमावाने पाच जणांना ठार मारलं होतं. हा लगाम हवाच. त्याबद्दल अर्धा तारा जास्त.

समोरच्या वहिनी मात्र फॉरवर्ड करतच नाहीत. पत्रिका सेव्ह करून आपल्या भिशीच्या ग्रुपवर नव्याने टाकतात आणि खाली लिहितात, ‘मी जाणारे, स्कूटरवर एक जागा आहे, कोण येतंय?’ त्यावर माणसं येतात. मी पत्रिका नुसती, खाली काही न लिहिता पाठवते ती त्यांच्यासाठीच. मजकूर लिहायला जागा राहते.

आणि गप्प वाचणारे? ना अंगठा, ना जोडलेले हात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ९०-९-१ असा ठोकताळा मांडला होता : ऑनलाइन गटांत शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, आणि बहुतेक सगळं एकटाच लिहितो. आमच्याकडे हे नव्वदवालेच वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरतात, वर शेजारच्या आजींनाही घेऊन येतात. आजींकडे फोन साधा, बटणांचा.

२०२३ मध्ये आलेलं चॅनेलही उघडून पाहिलं. कॉलेजच्या मुलींना ते बरं वाटतं, कारण त्यांचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही. पण तिथे आपण बोलायचं आणि लोकांनी इमोजी टाकायचा, एवढाच मामला. काकांना ‘किती वाजता?’ विचारायची सोय नाही. चॅनेलला वेगळे तारे द्यायचे तर दोन.