‘ओसी एडिशन’ म्हणून विकलेलं २०११ चं ग्राफिक्स कार्ड

पाच-सात हजारांच्या बजेटमध्ये सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड शोधत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या धाकट्या भावाला एका विक्रेत्याने साडेसहा हजारांना फसवलं. कुणाला रक्कम किरकोळ वाटेल. पण डिप्लोमा करणाऱ्या पोराने सुट्टीत कुरिअरच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळ्या करून साठवलेले ते पैसे होते. आणि ज्या सराईतपणे ते काढून घेतले गेले, ते बघता त्या माणसाचा हा रोजचा धंदा असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्या घरात डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे. कंपन्या जुने झाले की लॉटमध्ये काढून टाकतात त्यातला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, फक्त २९० वॅटचा. त्या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डसाठी वेगळी वायर येत नाही. त्यामुळे अशा पीसीत टाकायचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं हवं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय नेमकं तसं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं, चार जीबी मेमरी, ७५ वॅट. आजही जुन्या ऑफिस पीसीचा गेमिंग पीसी करायचा म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. म्हणूनच नकली कार्डंसुद्धा याच नावाची सर्वात जास्त फिरतात. ज्याला मागणी, त्याचीच नक्कल.

भावाने ऑनलाइन जाहिरात बघून चॅट केलं. समोरून उत्तर आलं, ‘१०५० टीआय ओसी एडिशन, ४ जीबी, ओरिजिनल.’ (ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक, चिपचा वेग म्हणजे क्लॉक मुळापेक्षा वाढवून विकलेलं कार्ड.) हे लेखी आलं हे फार बरं झालं, त्याचा उपयोग पुढे सांगतो. विक्रेत्याचा एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा होता. आम्ही दोघं गेलो. कार्ड दिसायला झकास: दोन पंखे, काळं प्लास्टिक, लाल अक्षरांत ‘जीटीएक्स’. कुठल्याही कंपनीचं नाव नाही. मागच्या बाजूचा सीरियल नंबरचा स्टिकर अर्धा खरवडलेला, आणि कूलरच्या एका स्क्रूवर विक्रेत्याने स्वतःचा ‘फाडल्यास वॉरंटी रद्द’ असा गोल स्टिकर चिकटवलेला.

त्याने त्याच्याच पीसीत कार्ड आधीपासून लावून ठेवलं होतं. विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडून दाखवला, तिथे ‘जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय’ असं स्वच्छ लिहिलेलं. मग जीटीए फाइव्ह सुरू केला. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मेमरीच्या पट्टीवर ४०९६ एमबी. गेम छान पळत होता. मी पडद्याकडे बघत होतो तेव्हा टेक्स्चर, म्हणजे दृश्यातला बारकावा, ‘नॉर्मल’ या सर्वात खालच्या पातळीवर असल्याचं दिसलं. विचारलं, तर म्हणाला, ‘दादा, कालच कुणाला तरी दाखवलं, त्यानेच बदललं असेल.’

भावाने कार्डच्या कडेला असलेल्या सहा पिनांच्या सॉकेटकडे बोट दाखवलं. ‘टीआयला एक्स्ट्रा पॉवर लागत नाही ना?’ विक्रेता हसून म्हणाला, ‘साध्याला नाही लागत. हे ओव्हरक्लॉक एडिशन आहे. जास्त क्लॉक, जास्त पॉवर.’ आणि ड्रॉवरमधून साटा टू सिक्स-पिन कन्व्हर्टर, म्हणजे हार्ड डिस्कच्या पॉवर वायरवरून कार्डाला वीज देणारा जोड, काढून म्हणाला, ‘हा फ्री देतो.’

या उत्तरातली चलाखी समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिच्यावर उभी आहे. १०५० टीआयची काही खरी ओव्हरक्लॉक मॉडेल्स सहा पिनांची पॉवर घेतात. म्हणजे तो निम्मं खरं बोलत होता. ज्याला थोडंफार कळतं त्याला हे उत्तर पटतं, आणि ज्याला काहीच कळत नाही तो प्रश्नच विचारत नाही. दोघांचीही सोय त्याने लावून ठेवली होती.

घरी आणून कार्ड बसवलं. विक्रेत्याने पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर दिला होता आणि बजावलं होतं, ‘हाच टाका, अपडेट करू नका, ओसी कार्डला नवीन ड्रायव्हर झेपत नाही.’ जीटीए चालला. भावाने हौसेने डूम इटर्नल टाकला. त्या गेमला लागणाऱ्या किमान कार्डांच्या यादीत १०५० टीआयचं नाव आहे, म्हणजे तो कमी सेटिंगवर तरी चालायलाच हवा. सुरूच झाला नाही. व्हल्कनची, म्हणजे गेम ज्यातून ग्राफिक्स कार्डाशी बोलतो त्या प्रणालीची, एरर देऊन बंद. पुढे विंडोजने आपणहून ड्रायव्हर अपडेट केला आणि स्क्रीन काळी पडली. सेफ मोडमध्ये जाऊन तो काढावा लागला. नंतर जीटीएमध्ये टेक्स्चर वाढवलं की पडद्यावर रंगीत चौकोन उमटायचे आणि पीसी अडकायचा.

तेवढ्यात जळकट वास आला. केबिनेट उघडलं, तर फुकट मिळालेल्या त्या कन्व्हर्टरचं साटाकडचं टोक पिवळं पडून एका कोपऱ्यात मऊ झालेलं. बोट लावलं तर प्लास्टिक दबलं. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये बारा व्होल्टच्या तीनच पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांच्या सॉकेटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. हे कन्व्हर्टर बाजारात शंभर रुपयांना सर्रास मिळतात. कार्ड खरं असो वा खोटं, ग्राफिक्स कार्डासाठी ते वापरू नका. घराला आग लागू शकते, हे मी घाबरवायला म्हणत नाही.

विक्रेत्याला फोन केला. पहिलं उत्तर, ‘तुमचा एसएमपीएस वीक आहे.’ पुढच्या वेळी, ‘ओसी कार्ड आहे, आफ्टरबर्नरमधून क्लॉक थोडा खाली घ्या.’ आफ्टरबर्नर म्हणजे कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर. घेतला, काही फरक नाही. मग म्हणाला, ‘आणखी अडीच हजार टाका, जीटीएक्स १६५० कार्ड देतो.’ त्यानंतर फोन उचलायचंच बंद केलं.

मग आम्ही जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाच्या आधी कंसात इंग्रजीत ‘फेक’ असं लिहून आलं. २०१८ पासून या सॉफ्टवेअरमध्ये नकली एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय आहे. चिपचं नाव होतं जीएफ ११६. तंत्रज्ञान ४० नॅनोमीटर. शेडर, म्हणजे चिपमधले गणित करणारे छोटे भाग, १९२. व्हल्कनच्या चौकटीत खूण नाही. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी १०७ ही चिप असते, १४ नॅनोमीटरची, आणि शेडर ७६८.

तरीही मला डोळ्यांनी बघायचं होतं. तक्रार द्यायची तर पुरावा पक्का हवा, म्हणून सगळं मोबाइलवर चित्रित करत तो गोल स्टिकर काढला. कूलरचे स्प्रिंगवाले चार स्क्रू सोडवले. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली तशी तिच्यावर कोरलेली अक्षरं वर आली: जीएफ ११६, आणि खालच्या ओळीत ११ ने सुरू होणारा चार आकडी कोड. त्यातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. २०११ साली तयार झालेली चिप. हे कार्ड म्हणजे जुनं जीटीएक्स ५५० टीआय, एक जीबी मेमरीचं, ११६ वॅट खाणारं. सहा पिनांचं सॉकेट त्याच्या जन्मापासूनचं होतं.

हे करतात कसं, ते आता सांगतो. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्यातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कार्डाचं नाव आणि ओळख क्रमांक असतो, आणि विंडोज तोच वाचून दाखवते. भंगारात दोन-तीनशेला मिळणाऱ्या कार्डाचा बायोस बदलून त्यात १०५० टीआयचा ओळख क्रमांक आणि ४ जीबी हा आकडा भरतात. चोरीच्या गाडीवर दुसरा चासी नंबर ठोकावा तसंच. मग डिव्हाइस मॅनेजर, गेमच्या सेटिंगमधली पट्टी, सगळे तेच बोलतात. प्रत्यक्षात मेमरी एक जीबीच असल्याने तिच्या पलीकडे गेलं की चौकोन उमटतात. टेक्स्चर ‘नॉर्मल’वर का होतं ते इथे उलगडतं. जीटीए फाइव्हसुद्धा मुद्दाम निवडलेला, कारण त्या गेमची किमान अट ९८०० जीटी या त्याहूनही जुन्या कार्डाची आहे, तो ५५० टीआयवर पळणारच. नवा ड्रायव्हर टाकू नका असं बजावण्याचं कारणही हेच. फर्मी या जुन्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलं. नवा ड्रायव्हर हे कार्ड पास्कल, म्हणजे खऱ्या १०५० टीआयच्या, पिढीचं समजून चालवायला जातो आणि कोसळतो. व्हल्कन तर फर्मीला कधी मिळालंच नाही.

आणि ज्या ओव्हरक्लॉकच्या नावाखाली त्याने प्रत्येक दोष झाकला, ते प्रत्यक्षात केवढं असतं? १०५० टीआयचा मूळ क्लॉक १२९० मेगाहर्ट्झ आणि बूस्ट १३९२. कंपन्या आपल्या ओसी मॉडेलमध्ये तो शे-पन्नासने वाढवतात. गेममध्ये त्याने सेकंदाला दोन-चार फ्रेम जास्त मिळतात. त्यामुळे ड्रायव्हर टाकता येत नाही, गेम उघडतच नाही, असं कधीही होत नाही. कंपनीने ओव्हरक्लॉक करून विकलेलं कार्ड कंपनीच्याच ड्रायव्हरवर बिनतक्रार चाललं पाहिजे. विक्रेता प्रत्येक शंकेला ‘ओसी आहे ना’ एवढंच उत्तर देत असेल तर तिथून निघा.

सेकंडहँड कार्ड घ्यायला जाताना स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला, त्या मॉडेलसाठीचा सर्वात ताजा ड्रायव्हर आणि जीपीयू-झेडची नवी आवृत्ती न्या. विक्रेत्याच्या पीसीवर आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवू नका. त्याचा ड्रायव्हर काढून तुमचा टाकायला सांगा. प्रामाणिक माणूस कुरकुरेल, पण टाकू देईल. मग फरमार्क किंवा युनिजिन हेवन हे कार्डावर ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि तापमान बघत राहा. मागच्या पोर्टकडेही लक्ष द्या. १०५० टीआयची चिप ॲनालॉग सिग्नल देतच नाही, तेव्हा मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर बाकी काही तपासत बसायची गरज नाही. नाव कोणत्या कंपनीचं आहे आणि सीरियल नंबर शाबूत आहे का, हे बघा. मायनिंगमध्ये, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस चालवून, घासलेली कार्डं हा वेगळा विषय आहे. ती निदान नावाप्रमाणे तरी असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा ती ढिगाने बाजारात आली आणि त्यांतली कितीतरी अजून फिरताहेत. पंखा हाताने फिरवून बघा आणि ताण देऊन तपासा, ती घ्यायची की नाही हे ठरवता येतं. नाव बदललेल्या कार्डाला मात्र कुठल्याच किमतीत हात लावू नका.

आता तक्रारीबद्दल. आम्हाला बिल म्हणून एका लेटरपॅडच्या कागदावर ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, १ नग, चेकिंग वॉरंटी’ एवढंच लिहून मिळालं होतं. त्यावर ना मॉडेल, ना जीएसटी क्रमांक. यूपीआयचे पैसेही कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर गेले होते. म्हणूनच चॅटमधलं ‘१०५० टीआय, ओरिजिनल’ हे वाक्य महत्त्वाचं ठरलं. तुम्हीही मॉडेलचं पूर्ण नाव विक्रेत्याकडून चॅटवर लिहून घ्या, आणि तक्रारीचा विषय काढण्याआधी ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फसवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे पाठवले आणि वस्तू आलीच नाही, तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात. आमचा व्यवहार समोरासमोर झालेला, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पोच मागायला लाजू नका. त्याशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. धंदा म्हणून माल विकणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पोलिसांचा फोन गेल्यावर विक्रेत्याने कुणाकरवी तरी निरोप पाठवला, की अर्ज मागे घ्या, कार्ड परत आणून द्या, पैसे देतो. मी सांगितलं, कार्डाचं खरं मॉडेल लिहून, सही करून पावती दे आणि पैसे भावाच्या खात्यावर टाक, मग बोलू. त्याने दिली नाही. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, तारीख पडायची आहे. कार्ड आणि वितळलेला कन्व्हर्टर मी चित्रीकरणासह सीलबंद करून ठेवलेत. ते आयोगापुढे जातील. त्याच्या हातात परत देणार नाही, कारण नवा स्टिकर लावून तो तेच कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला विकेल.