खुरकुतीचा माग रक्तातून काढायचा, तर एसपी मागावी की एनएसपी?

लाळ्या-खुरकुतीची साथ ओसरली की माग काढायची वेळ येते. रोग कोणत्या वस्तीवरून कोणत्या वस्तीवर गेला, कुठे फारशी लक्षणं न दाखवता फिरून गेला, हे रक्तातूनच कळतं. नमुने काढायचे हे ठरलेलं असतं. अडतं ते तपासणी कोणती मागायची यावर. संच मोजके असतात, प्रयोगशाळेवर आधीच भार असतो, त्यामुळे ‘दोन्ही करा’ असं दर वेळी म्हणता येत नाही. एकीकडे एसपी, म्हणजे विषाणूच्या कवचाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी), ओ, ए आणि एशिया-१ या विषाणूच्या तीन प्रकारांसाठी वेगवेगळी मोजून. दुसरीकडे एनएसपी, म्हणजे विषाणूच्या कवचात नसलेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं. लागण आणि लस यांतला फरक दाखवते म्हणून तिला आपण सगळे डीआयव्हीए म्हणतो. मी ऊसपट्ट्यात जनावरं बघतो. दोन्ही मागवून वापरल्या आहेत आणि आता माझा हात एका बाजूला जरा जास्त वळतो. तुमच्या भागात गणित वेगळं असू शकेल.

एसपीचं मोल कमी नाही. लस टोचून महिना झाला, कळपात संरक्षण आलं का, हे दुसऱ्या कशानेच नीट कळत नाही. तिथे एनएसपी कामाची नाही. शिवाय एसपी प्रकार सांगते. आपल्याकडे बहुतेक साथी ओ प्रकाराच्या असल्या, तरी ए आणि एशिया-१ विसरून चालत नाही. २०१९ मध्ये खुरकुतीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दर सहा महिन्यांनी टोचणी हा नियम झाला, तेव्हापासून लस लागू पडते की नाही हे बघायला एसपीचा आकडा लागतोच.

माग काढायलाही एसपी चालते, पण लस नसलेल्या मुलखात. इंग्लंडमध्ये २००१ साली मेंढ्यांच्या बाजारांतून रोग देशभर पसरला. मेंढीत लक्षणं इतकी सौम्य की पाहून ओळखणं कठीण, म्हणून शेवटी लाखो मेंढ्यांचं रक्त तपासून रोग राहिला नाही हे दाखवावं लागलं. त्या मेंढ्यांना लसच दिलेली नव्हती. त्यामुळे प्रतिपिंड सापडलं की विषाणू येऊन गेला, इतका सरळ हिशोब होता. आपल्या गोठ्यातली चार वेतांची गाय किती वेळा टोचलेली असते! तिच्या रक्तात तिन्ही प्रकारांची प्रतिपिंडं असायलाच हवीत. रिपोर्ट हातात येतो, तिन्ही रकाने वर गेलेले, आणि मालक विचारतो, ‘डॉक्टर, हे तुमच्या सुईचं की रोगाचं?’ एका नमुन्यावरून याचं उत्तर देता येत नाही.

यावर पुस्तकी उपाय आहे: जोडनमुने. आज रक्त घ्या, तीनेक आठवड्यांनी त्याच जनावराचं पुन्हा घ्या, टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण, चौपट चढलं तर ताजी लागण धरा. माझा कौल एसपीपासून दूर गेला तो याच दुसऱ्या रक्तामुळे.

आमच्याकडे गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर बैल. साथ आली की गावकरी बोट दाखवतात ते त्या बैलांकडे. ते खरं की रोग गावात आधीपासून होता, हे बघायला बैलांचं रक्त घ्यायचं. पहिलं रक्त मुकादमाला समजावून मिळतं. तीन आठवड्यांनी जावं तर फड संपलेला, टोळी कारखान्याच्या दुसऱ्या गटात गेलेली. जी सापडते तिच्यात बैल अदलाबदल झालेले. एका बैलाचा कान बिल्ल्याच्या जागी फाटून दुभंगलेला होता, बारा आकडी नंबर कुठला बघायचा? गावच्या गोठ्यातही तेच. मानेच्या शिरेत सुई गेली की म्हैस त्या दिवशी पान्हा चोरते, मग दुसऱ्या खेपेला घरची बाई दारातच सांगते, ‘एकदा दिलं ना रक्त.’ तिचं चुकत नाही, तिचा दुधाचा हिशोब रोजचा असतो. त्यातच त्या तीन आठवड्यांत कोणी साथीच्या भीतीने टोचणी उरकून घेतली, तर जोडनमुन्याचा अर्थच जातो. टायटर लशीनेही चढतं.

एनएसपीला रक्त एकदाच लागतं. लशीतला विषाणू मारलेला असतो आणि शुद्ध करताना ही बिगर-कवच प्रथिनं काढून टाकलेली असतात. विषाणू जनावरात प्रत्यक्ष वाढला, तरच त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मुक्तेश्वरच्या खुरकुत संशोधन संस्थेने तयार केलेला देशी ३एबी३ एलायझा, म्हणजे यातल्याच एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, यावरच चालतो. ‘सुईचं की रोगाचं’ या प्रश्नाला निदान कळपाच्या पातळीवर उत्तर मिळतं, आणि मला तेवढंच हवं असतं.

यातही खोच आहे. एनएसपी प्रकार सांगत नाही. ओ असो की ए, ही प्रथिनं सारखीच. दुसरं, ही प्रतिपिंडं वर्षभर, कधी त्याहून बराच काळ टिकतात. म्हणजे म्हातारी गाय पॉझिटिव्ह आली, तर रोग या हंगामातला की मागच्याच्या मागच्या, हे कळत नाही. तिसरं, लस घेतलेल्या जनावराला हलकीशी लागण झाली तर प्रतिसाद इतका कमी येतो की तपासणीतून ते निसटू शकतं. आणि लशीचं शुद्धीकरण कमी पडलं असेल, तर पुन्हा पुन्हा टोचलेल्या गायीत खोटा पॉझिटिव्हही येऊ शकतो. एकट्या जनावराला दाखला द्यायला मी एनएसपी वापरत नाही आणि वापरू नये असं मला वाटतं.

यातल्या बऱ्याच खोचा मात्र जनावर नीट निवडलं की सुटतात. साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या कालवडी आणि रेड्या घ्याव्यात. त्याहून लहान वासरात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं असतात, ती फसवतात. सहा महिन्यांनंतर ती सहसा उतरलेली असतात. आणि टोचण्या फारशा झालेल्या नसल्याने अशुद्ध लशीची शंकाही कमी होते. सगळ्यात मोलाचं म्हणजे कालवडीचं वय हेच घड्याळ होतं. गेल्या पोळ्याच्या आसपास जन्मलेली कालवड पॉझिटिव्ह आली, तर विषाणू त्यानंतरच त्या गोठ्यात आला. जुन्या गायीचं रक्त असं काही सांगत नाही.

आमच्या एका गावात असंच केलं. फक्त कालवडी आणि रेड्या, वस्तीवार नमुने, एकच फेरी. टोळीचा तळ पडला होता त्या रस्त्याकडच्या गोठ्यांत पॉझिटिव्ह जास्त निघाले आणि ओढ्यापलीकडची वस्ती जवळपास कोरी. पण पॉझिटिव्ह गोठ्यांतल्या बऱ्याच जणांचं पाणी एकाच सार्वजनिक हौदावरचं होतं. म्हणजे बैलांनी रोग आणला असेलही, पण गावात तो हौदावरून फिरला असावा. याला पुरावा म्हणायचं धाडस मी करणार नाही. तरी पुढच्या हंगामात काय करायचं हे त्यातून ठरलं: तळावरच्या बैलांचं पाणी वेगळं आणि टोळ्या यायच्या आधी महिनाभर गावाची टोचणी पुरी. एसपीचे तीन रकाने पाहून हे ठरवता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र रक्त काढण्याआधी सांगायलाच हवी. पॉझिटिव्ह म्हणजे जनावर आज रोग पसरवतंय असं नाही. काही गायींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहतो हे खरं, पण ते रक्तावरून ठरत नाही. हे आधी समजावलं नाही, तर गावात बातमी फिरते, व्यापारी भाव पाडतो आणि चांगली कालवड मातीमोल जाते. रिपोर्ट मालकाला एकट्याला, बसून समजावून द्यावा. माझ्या लेखी हे तपासणीइतकंच महत्त्वाचं आहे.

नमुन्याची काळजी दोन्हींना सारखीच. लाल टोपणाच्या नळीत रक्त घेऊन सावलीत तिरकी ठेवावी, गोठू द्यावं, मगच बर्फात. ताजं रक्त थेट बर्फावर टाकून मोटारसायकलवर हादरे दिले, तर सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, लालभडक होतं आणि सगळी मेहनत वाया.

तेव्हा लसीकरण लागू पडलं का, हा प्रश्न असेल तर बिनदिक्कत एसपी मागा. रोग कुठवर गेला, हा असेल तर माझं मत एनएसपीकडे, तेही कालवडींवर. संच उरले तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कमी टोचणी झालेल्या काही कालवडींचं तेच सिरम एसपीला पाठवावं. प्रकाराचा अंदाज येतो आणि पुन्हा सुई लावावी लागत नाही.

आणि जिभेवरचे फोड अजून ताजे असताना फोन आला, तर आधी रक्ताकडे वळू नका. एनएसपी प्रतिपिंडं यायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तोवर रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि गाव बेफिकीर होईल. फुटलेल्या फोडाची साल ग्लिसरीन-बफरमध्ये घालून बर्फावर त्याच दिवशी रवाना करा, बिल्ल्याचे नंबर लिहून घ्या आणि रक्ताला तीन-चार आठवड्यांनी, एकदाच जा.