व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सला वायफाय: एआर९२७१ चिपचा अडॅप्टर, काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हर्च्युअलबॉक्समधल्या (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर नुसतं इंटरनेट हवं असेल तर हा यूएसबी वायफाय अडॅप्टर घेऊ नका. होस्टवर, म्हणजे खऱ्या संगणकावर, वायफाय चालू असलं की गेस्टला, म्हणजे आतल्या आभासी मशीनला, नेट आपोआप मिळतं, फक्त ते वायरचं म्हणून दिसतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या नेटवर्किंगच्या क्लासात प्रत्येक बॅचचं हेच गाऱ्हाणं: "सर, नेट चालतंय, पण वायफायचं चिन्हच न्हाई की!" मग पोरं लॅपटॉपच्या आतल्या कार्डाचा ड्रायव्हर हुडकून गेस्टमधल्या उबंटू लिनक्सात टाकत बसतात. गेस्टमध्ये एलएसपीसीआय (मशीनमधल्या कार्डांची यादी देणारी कमांड) चालवून बघा. तिथं ते कार्ड नसतंच. दिसतं ते इंटेलचं ८२५४०ईएम, व्हर्च्युअलबॉक्सनं उभं केलेलं इथरनेट, आणि एनएटीवर (होस्टच्याच नेटवरून गेस्टला नेट देणारी जोडणी) पत्ता १०.०.२.१५. जे कार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये नाही त्याला ड्रायव्हर टाकून काय होणार?

आम्हाला मात्र क्लासच्याच राउटरचे बीकन (आपलं नाव सांगत राउटर सतत पाठवतो ते संदेश) वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे संदेश उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) दाखवायचे होते. त्यासाठी गेस्टच्या ताब्यात खरा रेडिओ पाहिजे, म्हणजे यूएसबी अडॅप्टर. एआर९२७१ चिप ठरवूनच घेतली, कारण तिचा एटीएच९के-एचटीसी ड्रायव्हर २०१० च्या २.६.३५ पासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे आणि फर्मवेअरचा, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्सही खुला आहे. आधीच्या अडॅप्टरचा ड्रायव्हर बाहेरून आणून डीकेएमएसनं (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्यानं बांधणारं साधन) बांधावा लागायचा. कर्नल अपडेट झालं की मोड्यूल बांधताना एरर, आणि पोरं मोबाईल काढून निवांत.

खरेदी करताना खोक्यावर विसंबू नका. त्यावर मॉडेल असतं, चिप नसते, आणि त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. शाहूपुरीतल्या दुकानदाराला "लॅपटॉपला लावून बघतो" म्हटलं, तर गड्यानं "बघा की" म्हणत खोकं उघडून दिलं. एलएसयूएसबीत (लावलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) ०सीएफ३:९२७१, म्हणजे या चिपचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी, आला, मगच पैसे दिले.

खरा ताप पासथ्रूचा, म्हणजे होस्टला लावलेला अडॅप्टर गेस्टच्या ताब्यात देण्याचा. सुरुवातीला चिपमध्ये फर्मवेअर नसतं. ते दर वेळी ड्रायव्हर चढवतो. हे चालू असताना व्हर्च्युअलबॉक्सच्या हातून अडॅप्टर निसटला की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'टार्गेट इज अनरिस्पॉन्सिव्ह' येतं आणि पोरं ड्रायव्हरला शिव्या घालतात. बऱ्याचदा ड्रायव्हरचा दोष नसतो. व्हर्च्युअल मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी कंट्रोलर १.१ वरून २.० किंवा ३.० करा. ७.० आवृत्तीपासून हे दोन्ही मूळ पॅकेजातच मिळतात, त्याआधी एक्स्टेन्शन पॅक (वेगळं जोड-पॅकेज) लागायचा. मग यूएसबी फिल्टर (कुठलं उपकरण आपोआप गेस्टला द्यायचं तो नियम) करा: त्यात व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी एवढंच ठेवा, बाकीचे रकाने मोकळे सोडा. होस्टही लिनक्स असेल तर आपला यूजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये हवा, नाहीतर यूएसबीची यादी रिकामीच दिसते. गेस्टमध्ये डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) असेल तर त्यात फर्मवेअरचं पॅकेज आहे का, तेही बघून घ्या.

एवढं बसवल्यावर क्लासात अडॅप्टर रोज चालतोय. मॉनिटर मोड (आसपासचे सगळे वायफाय संदेश नुसते ऐकण्याची अवस्था) पहिल्या झटक्यात लागतो. कुरकुर दोनच ठिकाणी. लॅपटॉप झोपून उठला की गेस्टमधून अडॅप्टर गायब होतो, काढून परत लावावा लागतो. आणि स्वस्तातल्या हबवर तो अधूनमधून अडखळतो, म्हणून मी थेट पोर्टलाच लावतो.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. कागदावर १५० एमबीपीएस, तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर. ५ गिगाहर्ट्झ पाहिजे असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप बघा, तिचा ड्रायव्हर ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. आमचं शिकवणं २.४ वर भागतं. क्लासच्या आजूबाजूचे निम्मेअधिक राउटर तसेही चॅनल सहावर दाटीवाटीनं बसलेत, स्कॅन दाखवायला त्याहून चांगला नमुना कुठला मिळणार!