‘रॅम नंतर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला आधी डबा उघडायला लावा

तालुक्याला माझं ऑनलाइन सेंटर आहे. जुन्या मशीनवरच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लातूरच्या एका दुकानातून छोटा डेस्कटॉप घेतला. मॉनिटरच्या पाठीमागे बसणारा डबा, ४ जीबी रॅम (चालू कामं सांभाळणारी मेमरी), १२,८०० रुपये. "दादा, सध्या रॅमचे भाव भडकलेत. चारवर भागवा, उतरले की आठची टाकून देतो," असं म्हणून त्या रॅमचे १,५०० आगाऊ घेतले.

चार जीबीतलाच काही भाग ग्राफिक्स खातं. पीक विम्याचं पोर्टल, आधार, सातबारा, पीडीएफ एकदम उघडलं की मशीन लटकायचं, ओटीपीची वेळ निघून जायची आणि शेतकरी काउंटरवर ताटकळायचा. दुकानदार म्हणतोय पार्ट आला नाही. शेवटी दुसऱ्या कारागिराला २०० देऊन उघडून घेतलं. आत रॅम बसवायची खाच, म्हणजे स्लॉटच नाही! रॅमच्या चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. म्हणजे जी रॅम बसूच शकत नाही, तिचे पैसे घेतले. एकूण १४,५०० गेले.

राग कशाचा येतो सांगू? दुकानात दुकानदारानंच टास्क मॅनेजर (मशीनची माहिती दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून "बघा, चार जीबी" म्हणत दाखवलं होतं. त्याच पानावर मेमरीखाली ‘फॉर्म फॅक्टर’ची ओळ असते. तिथं ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावरच आहे. काढता-घालता येणारी असेल तर ‘डिम’ किंवा ‘सोडिम’ दिसतं. ओळ माझ्या डोळ्यासमोर होती. मी स्क्रू काढून दाखवा म्हणालो, तर "सील तुटलं की वॉरंटी जाते". रोज विकणाऱ्या माणसानं इतक्या ठामपणे सांगितल्यावर गिऱ्हाईक आणखी काय तपासणार? खोक्यावर ‘एलपीडीडीआर’ दिसलं तर सरळ ठेवून द्या; स्वस्त डब्यांत ती रॅम चिकटवलेलीच येते.

पोलीस ठाण्यात गेलो, तर "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा". तिथल्या बाबूनं कागद हातात न घेताच विचारलं, "पक्कं बिल?" माझ्याकडे ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी. "मग कसं होणार?" अहो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे! ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच गुन्ह्याची शिक्षा मला? जिल्हा आयोगात, म्हणजे त्याच ग्राहक मंचात, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षांची आहे. हे त्या बाबूनं मला सांगायला हवं होतं. मी घरी बसून शोधलं.

आगाऊ पैसे रोख देऊ नका. माझे १,५०० यूपीआयनं गेले आणि दुकानदाराचा ‘आठची टाकून देतो’ हा व्हॉइस मेसेज फोनमध्ये आहे, तेवढाच पुरावा. तो जोडून तक्रार आता ऑनलाइन भरतोय.