टक्केवारी यील्ड: मोलने काढायचे की थेट ग्रॅमने?

फोंड्यात बारावीच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. यील्ड म्हणजे हिशेबाने जितका पदार्थ मिळायला हवा (सैद्धांतिक उत्पादन), त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात हाती आला. ॲस्पिरिनचेच घेऊ. 2 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतले आणि 1.96 ग्रॅम ॲस्पिरिन हाती आले.

थेट ग्रॅमची रीत पटकन होते. रेणुभारांचे गुणोत्तर 180.16 (ॲस्पिरिन) भागिले 138.12 (सॅलिसिलिक आम्ल), म्हणजे 1.304. त्याला 2 ने गुणले की सैद्धांतिक उत्पादन 2.61 ग्रॅम, आणि यील्ड 75 टक्के. एकच प्रयोग पुन्हापुन्हा करणाऱ्याला हे पुरते.

मोलच्या रीतीनेही (मोल म्हणजे ग्रॅम भागिले रेणुभार) उत्तर तेच येते, पण वाटेत बरेच कळते. सॅलिसिलिक आम्ल 0.0145 मोल, त्याच्याशी अभिक्रिया करणारे 5 मिलिलिटर ॲसेटिक ॲनहायड्राइड सुमारे 0.053 मोल, आणि दोन्ही एकास एक लागतात. म्हणजे आधी संपणार आम्लच, हिशेब त्याच्यावरच करायचा. गुणोत्तराच्या रीतीत हे आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरलेले असते. शिवाय समीकरणातले सहगुणक (रेणुसूत्रांपुढचे आकडे) विसरले की ती सरळ फसवते. अमोनियाच्या अभिक्रियेत 28 ग्रॅम नायट्रोजनपासून 34 ग्रॅम अमोनिया मिळायला हवा. 17 धरला तर यील्ड दुप्पट दिसते.

म्हणून शिकणाऱ्याने मोलच धरावा, असे मी आग्रहाने सांगते.

अर्थात वजनच चुकले तर दोन्ही रीती सारख्याच चुकतात. आपल्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की गाळणकागदावरचे स्फटिक लवकर सुकतच नाहीत. यील्ड 100 च्या वर गेले तर आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, लागोपाठ दोन वजने जुळू द्या, मगच वहीत लिहा.